पाच दाबला, नऊ उमटला

‘प्रोजेक्ट चालू आहे’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. एक, काम सुरू आहे. दुसरा, यंत्र चालतंय. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाची मुलं जुलैपासून हे वाक्य पहिल्या अर्थानं म्हणत असतात आणि घरचे लोक ते दुसऱ्या अर्थानं ऐकत असतात. एप्रिल संपत येतो, परभणीचा पारा 42 अंश ओलांडून पुढं सरकू लागतो, तोंडी परीक्षेची तारीख फळ्यावर लागते, आणि हे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे राहतात.

प्रोजेक्टचा विषय बहुधा ठरलेला: ‘पासवर्डवर उघडणारं दार’. दार म्हणजे प्लायवुडचा वीतभर तुकडा, त्याला दोन बिजागऱ्या. त्या दाराच्या अलीकडं जे आहे तेच पलीकडंही आहे, म्हणजे टेबल. पण बंदोबस्त असा की बँकेनं मान खाली घालावी. चार ओळी आणि चार स्तंभांचं 16 बटणांचं कीपॅड, अक्षरं दाखवायला एलसीडी, खटका ओढायला सोलेनॉइड, त्याला वीज सोडायला रिले, चूक झाली की बोंबलायला बझर, आणि या सगळ्यांचा कारभारी म्हणून 8051 जातीचा मायक्रोकंट्रोलर. इंटेलनं हा 8051 आणला 1980 साली. तो हाताळणाऱ्या मुलांचे आईवडील तेव्हा बहुधा शाळेत होते, काहींचे तर जन्मायचे होते. चिपला 40 पाय. त्यांतले 32 पाय बाहेरच्या जगाशी बोलायला, आठ-आठच्या चार पोर्टांत वाटलेले. इतके पाय असूनही ती जागची हलत नाही, ही पहिल्या आठवड्यातली तक्रार.

नमुन्यादाखल परभणीतलाच एक गट धरू. गटात चौघं. एकाकडं लॅपटॉप आहे, त्यामुळं त्याला प्रोग्रॅम येतो असं सर्वांनी ठरवलंय. दुसऱ्याकडं सोल्डरिंग गन आहे आणि बोटावर भाजल्याचा डाग आहे, म्हणून हार्डवेअर त्याच्याकडं. तिसऱ्याचं अक्षर चांगलं, तो फाइल लिहितो. चौथा चहा सांगतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या प्रोजेक्टची माणसं याच चार जातींची असतात. पाचवे म्हणजे गाइड सर. ते वर्षभर एकच वाक्य बोलतात, “कनेक्शन चेक करा.” पुढं जे घडतं त्यावरून सरांचं ते वाक्य शंभर टक्के बरोबर ठरतं, तक्रार इतकीच की ते दर वेळी बरोबरच असतं.

आता 16 बटणं आणि तारा मात्र आठच, हे गणित कसं जमतं? परभणीच्या माणसाला ते समजवायला इंजिनिअर लागत नाही, कापसाचं शेत पुरतं. कापूस फुलीवर लावला की झाडं उभ्या ओळीतही येतात आणि आडव्या ओळीतही. कोळपं दोन्हीकडून फिरतं. कीपॅड म्हणजे अशा 16 फुल्यांचं शेत. चार तारा आडव्या, चार उभ्या, आणि जिथं त्या एकमेकींना ओलांडतात तिथं एक बटण. दाबलं की आडवी तार उभीला टेकते. कुठली आडवी आणि कुठली उभी एवढं कळलं की बटण सापडलं. प्रत्येक बटणाला वेगळी तार दिली असती तर 16 तारा आणि एक सामाईक, अशा 17 झाल्या असत्या, आणि कारभाऱ्याचे निम्मे पाय त्यातच अडकले असते.

बटण कोणतं हे ओळखायची चिपची रीतही इथं ओळखीची आहे. पैठणच्या जायकवाडीचा 208 किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो, आणि त्याचं पाणी मिळतं ते पाळीनं. कीपॅडलाही पाळीच. चारही उभ्या तारा पाच व्होल्टनं टाक्यांसारख्या भरून ठेवायच्या. मग आडव्या तारांतली एकेक तार पाळीपाळीनं खाली, म्हणजे शून्यावर सोडायची आणि बघायचं की कुठली टाकी रिकामी झाली. दुसऱ्या ओळीची पाळी असताना दुसरी टाकी उतरली, की पाचाचं बटण दाबलं गेलंय हे नक्की. ही फेरी चिप सेकंदाला शेकडो वेळा मारते. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला ही गोष्ट ऐकूनच भरून येईल.

तर सर्किट जोडून झालं. आपल्या गावाबद्दल ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण अख्ख्या मराठवाड्याला पाठ आहे. तिचा खरा उपयोग सर्किटला पहिल्यांदा वीज देताना होतो. चौघांनी मनातल्या मनात ती म्हटली आणि बटण दाबलं.

एलसीडीवर काहीच नाही. हा रोग किरकोळ. पडद्याच्या मागं उजेड-अंधार जुळवायचा एक छोटा प्रीसेट असतो, तो स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवला की अक्षरं उगवतात. ज्यांना हे ठाऊक नसतं ते नवा एलसीडी आणतात, तोही तसाच दिसतो, आणि मग ते प्रीसेट फिरवतात. आपल्या गटानं दोन एलसीडी आणले होते.

अक्षरं उगवली आणि दुसरा रोग दिसला. कोणी हात न लावता पडद्यावर बटणं दाबली जाऊ लागली. चौथा चहा घेऊन आला, तो जवळून गेला तरी आकड्यांच्या जागी येणारे दोन तारे उमटले. फाइलवाल्यानं अमावस्या कधी आहे ते पाहिलं. इंग्रजीतही कीपॅडच्या एका दोषाला भुताचंच नाव आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची तीन बटणं एकदम दाबली, की वीज आडवाटेनं फिरून चौथ्या कोपऱ्यावरचं न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दाखवते, आणि त्याला उतारा म्हणून प्रत्येक बटणाला एक डायोड बांधतात. पण इथं तर एकही बटण कोणी दाबलेलं नव्हतं. हे भूत वेगळ्या वाड्यातलं.

कारण साधं होतं. 8051 च्या बाकीच्या तीन पोर्टांना टाकी भरायची सोय आतूनच असते. शून्य नंबरच्या पोर्टाला ती नसते. त्याला बाहेरून रेझिस्टर लावून पाच व्होल्टला बांधावं लागतं. नाही बांधलं तर पिन वाऱ्यावर राहते. ना पाच, ना शून्य. भिंतीतल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण, ट्यूबलाइटची चोक, जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात, जो भेटेल त्याच्या मतानं ती डोलते. हे पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेत दोन गुणांना येतं, आणि चौघांनाही त्या प्रश्नाचे दोन गुण मिळालेले होते. कीपॅड तरीही शून्य नंबरच्या पोर्टालाच जोडलं होतं, कारण तो पोर्ट बोर्डाच्या कडेला होता आणि तार पुरत होती.

मग स्टेशन रोडच्या एका बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या मामांकडं धाव. मामांनी बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यातून नऊ पायांचा काळा रेझिस्टर काढून दिला. त्यावर 103 लिहिलेलं: म्हणजे 10 आणि पुढं तीन शून्यं, दहा हजार ओहम. आठ पाय आठ पिनांना, नववा पाच व्होल्टला. नववा कुठला हे कळावं म्हणून एका टोकाला पांढरा ठिपका असतो, मोहरीएवढा. सोल्डरवाल्याचा अंगठा नेमका त्या ठिपक्यावर होता.

उलट्या बसलेल्या त्या रेझिस्टरनं नवाच तमाशा केला. सामाईक पाय जाऊन बसला शेवटच्या पिनेवर. त्यामुळं शेवटच्या पिनेनं मान टाकली की तिच्यामागं सगळ्या जणी मान टाकू लागल्या; एक बटण दाबलं की अख्खी ओळ हजर. गावात एखाद्यानं ‘मला बी हाय’ म्हटलं की अनुदानाची रांग कशी वाढते, तसं. दोन दिवसांनी ठिपका सापडला. नऊ पाय उपसून पुन्हा लावताना बोर्डावरचे दोन तांब्याचे पट्टे उचकटले, तिथं तारेचे तुकडे जोडले, आणि सर्किट परभणीच्या जुन्या गल्लीतल्या विजेच्या खांबासारखं दिसू लागलं.

तिसरा रोग म्हणजे एकदा दाबलं की चारदा उमटणं. यात कोणाचाच दोष नाही, धातूचा स्वभाव आहे. मराठी घरात पाहुणा ‘येतो’ म्हणून उठतो. उंबरठ्यावर बोलतो, चप्पल घालतो, परत आत डोकावतो, आणि मग जातो. बटणातला पत्रा टेकतानाही असाच काही मिलिसेकंद टेकतो, उडतो, परत टेकतो. माणसाला ते एक दाबणं वाटतं. पण 12 मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चालणाऱ्या 8051 ला साधी सूचना पार पाडायला एक मायक्रोसेकंद लागतो. 10 मिलिसेकंदांची ही थरथर म्हणजे तिच्या हिशेबानं दहा हजार सूचनांचा काळ. एवढ्या वेळात पाहुणा चारदा येऊन गेला असं तिनं लिहून घेतलं तर तिचं काय चुकलं? उपाय म्हणजे पहिली चाहूल लागली की 20 मिलिसेकंद गप्प बसायचं आणि मग पुन्हा बघायचं. लॅपटॉपवाल्यानं घाईत 20 च्या जागी 2000 लिहिलं, तेव्हा एक आकडा टाकून दोन सेकंद थांबावं लागे. चौथ्याला ते आवडलं. तेवढ्यात चहाचा घोट होत असे.

याच गावात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, 1972 साली स्थापन झालेलं. तिथं जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या मदतीनं शेतीतल्या रोबोट आणि ड्रोनवर प्रकल्प झालाय. गावात एकीकडं ड्रोन पिकावर फवारा मारायला शिकत असताना दुसरीकडं चौघं जण एका पाचाच्या बटणाची मनधरणी करत होते. तंत्रज्ञान सगळीकडं सारख्या वेगानं पोचत नाही. काही ठिकाणी ते लूज काँटॅक्टपाशी थांबतं.

एकदाचं सगळं ठीक झालं. चार बटणं दाबली, चार तारे उमटले, चारदा बझर वाजला. आणि पडद्यावर आलं: राँग पासवर्ड.

पुन्हा दाबलं. राँग पासवर्ड.

पासवर्ड प्रोग्रॅममध्येच लिहिलेला होता: 1234. अशा प्रोजेक्टचा पासवर्ड 1234 च असतो, नाहीतर तो विसरतो. लॅपटॉपवाल्यानं तो चारदा तपासला. मग नजर वळली यंत्राच्या जाड भागांकडं. दार उघडत नाही म्हणजे दार ओढणाऱ्यात दोष, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा आहे. पडद्यावर यंत्र स्वच्छ सांगत होतं की बाबांनो, पासवर्ड चुकतोय. तरी रिले बदलला. रिलेला हलवणारा ट्रान्झिस्टर बदलला. पुण्याला शिकणाऱ्या भावाकडून बुधवार पेठेतून नवा सोलेनॉइड मागवला. तो ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, लोणच्याच्या बरणीच्या शेजारी बसून आला. कारभारी चिपही बदलली. जे जे महाग होतं ते ते बदलून झालं. स्वस्तात स्वस्त वस्तूवर, म्हणजे स्टिकरसारख्या त्या पातळ कीपॅडवर कोणाचा संशय गेला नाही, कारण ते तर चालत होतं. तारे येत होते ना!

तोंडी परीक्षेला एकच रात्र उरली तेव्हा सगळं बिऱ्हाड खोक्यात भरून गट परत मामांच्या दुकानात. मामा एका मिक्सरच्या मोटरीत डोकं घालून बसले होते.

“काय व्हतंय?”

“कुलूप उघडंना गेलंय मामा.”

“मग, दिसतंय काय?”

“चार तारे दिसू लालेत.”

“तारे कामून?”

“पासवर्ड हाय ना मामा. कोणी बघितला तर?”

मामांनी मिक्सरमधून डोकं काढून दुकानभर नजर फिरवली. एक बंद पडलेला टीव्ही, दोन इस्त्र्या, आणि दारात झोपलेलं कुत्रं.

“कोन बगणार हाय हितं? तारे काढा, आकडा दावा.”

मामांना 8051 माहीत नव्हता. 40 वर्षांत त्यांनी एवढंच केलं होतं की सेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाला ‘दिसतंय काय’ म्हणून विचारायचं. लॅपटॉपवाल्यानं प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली, चिप परत बर्न केली. आता तारा नाही, जो आकडा चिपला कळला तोच पडद्यावर येणार होता. सोल्डरवाल्यानं पाच दाबला.

नऊ उमटला.

एक दाबला, डी आला. दोनचा सी. तीनचा बी. सात दाबला तर शून्य, आणि शून्य दाबला तर सात, म्हणजे देवाणघेवाण अगदी चोख. चार दाबल्यावर आलं हॅश. सहा, आठ, ए आणि चांदणी ही चारच बटणं स्वतःची ओळख राखून होती. थोडक्यात, गेला महिनाभर हे चौघं 1234 समजून इमानेइतबारे ‘डी सी बी हॅश’ हा पासवर्ड टाकत होते, आणि यंत्र तो तितक्याच इमानदारीनं नाकारत होतं. कुलूप पहिल्या दिवसापासून उत्तम चाललं होतं. चोर म्हणून ते मालकाला ओळखत होतं इतकंच.

इथं चौथ्यानं, चहाचा कप न ठेवता, वर्षातला आपला एकमेव तांत्रिक प्रस्ताव मांडला. “सहा आन् आठ बराबर येऊ लालेत ना? मग पासवर्ड 6868 ठेवा की.” सगळे हसले. पण नीट विचार केला तर या प्रस्तावात खोट निघत नाही. तारे परत लावले की आत काय चाललंय ते दिसत नाही. 6868 नं दार उघडतं. दुसरं काहीही दाबलं की उघडत नाही, आणि उघडायला नकोच असतं. ब्रह्मदेव परीक्षक म्हणून आला असता तरी त्याला दोष सापडला नसता. त्या रात्रीचा सर्वांत शहाणा प्रस्ताव तोच होता आणि तो फेटाळला गेला, कारण तो चहावाल्याचा होता.

मामांनी कीपॅडची पट्टी हातात घेतली. पट्टीच्या टोकाला आठ भोकांचा काळा जोड असतो, तो बोर्डावरच्या आठ खिळ्यांवर बसतो. उलटं-सुलटं ओळखायची खाच त्याला नसते. सुलटा जितका घट्ट बसतो तितकाच उलटाही. उलटा बसला की पहिली तार आठवी होते, दुसरी सातवी. आडव्या उभ्या होतात, उभ्या आडव्या, त्याही शेवटाकडून. म्हणून तर वरच्या डाव्या कोपऱ्यातला एक खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या डीच्या घरी नांदायला गेला, आणि ए, सहा, आठ, चांदणी या तिरप्या रेषेवरची चौघं जागच्या जागी राहिली. मामांनी पिवळ्या मल्टिमीटरची दोन टोकं पट्टीच्या दोन भोकांत घातली, एक दाबला, बीप वाजलं. बोर्डाकडं पाहिलं. “उलटं हाय,” एवढं म्हणाले आणि परत मिक्सरमध्ये शिरले. पैसे दहा रुपये घेतले, तेही मागच्या रेझिस्टरचे.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण रात्रीचे दहा वाजले होते, मामांना शटर ओढायचं होतं, आणि ‘सकाळी बघू’ म्हणून गट पांगला. लॅपटॉपवाल्याला झोप येईना. त्याच्या मनात आलं, तारा कशाला उपसायच्या? प्रोग्रॅममध्ये 16 बटणांचं एक कोष्टक असतं: कुठल्या ओळीतल्या कुठल्या जागी कोणता आकडा. तेच फिरवून लिहिलं की झालं. नऊच्या घरात पाच, डीच्या घरात एक. रात्री दोनपर्यंत बसून त्यानं ते केलं, आणि सकाळी सगळ्यांना चकित करावं म्हणून कोणाला सांगितलं नाही. चिप बर्न करून खिशात ठेवली.

सोल्डरवाला सकाळी सातला खोलीवर आला. त्यानं कीपॅडचा जोड उपसून सुलटा बसवला आणि ओळख म्हणून एका टोकाला व्हाइटनरचा ठिपका दिला. सगळ्यांना चकित करावं म्हणून त्यानंही कोणाला सांगितलं नाही.

नऊ वाजता प्रयोगशाळेत चिप बोर्डावर बसली. दोघंही एकमेकांकडं बघून गालात हसले. फाइलवाल्यानं पाच दाबला.

नऊ उमटला.

गणिताच्या दृष्टीनं हे अटळ होतं. उलट्याचं उलट सुलट होतं, हे लहानपणी आपण शिकतो. पण उलटं एकदाच असेल आणि ते दोन ठिकाणी सुधारलं तर पुन्हा उलटंच होतं. “तू काही केलंस का?” असं दोघांनी एकमेकांना विचारलं. “मी? काहीच नाही,” असं दोघांनी सांगितलं, कारण चालत नसलेल्या गोष्टीचं श्रेय कोणालाच नको असतं. पाऊण तास नवा दोष शोधण्यात गेला. सरांना फोन केला. सर म्हणाले, “कनेक्शन चेक करा.” शेवटी चहा घेऊन आलेल्या चौथ्यानंच विचारलं, “हे पांढरं कशाचं हो?” तेव्हा सोल्डरवाल्याच्या तोंडून व्हाइटनर निघाला आणि त्यापाठोपाठ लॅपटॉपवाल्याच्या तोंडून कोष्टक.

कोष्टक बदलायला लॅपटॉप उघडा, जोडा, बर्न करा, अर्धा तास. जोड फिरवायला दहा सेकंद. परीक्षक बाहेर व्हरांड्यात आलेले दिसत होते. जोड परत उलटा बसवला गेला. पाच दाबला, पाच उमटला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 1234 दाबलं, दार उघडलं, ते त्यातून पलीकडच्या टेबलाकडं बघून आले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: “आकडे ठीक आहेत, पण हे ए, बी, सी, डी कशासाठी?” चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. वर्षभर ती चार लाल बटणं डोळ्यांसमोर होती. महिनाभर नकळत त्यांनी सी टाकला होता, पण सी तिथं का आहे हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्यामागं टेलिफोनची गोष्ट आहे. अमेरिकेत बेल कंपनीनं बटणांचा फोन 18 नोव्हेंबर 1963 रोजी गिऱ्हाइकांना दिला. त्याआधी तिच्या संशोधकांनी आकड्यांच्या वेगवेगळ्या मांडण्या माणसांकडून दाबून घेऊन पाहिल्या आणि एक-दोन-तीन वरच्या ओळीत ठेवले. हिशेबाची यंत्रं मात्र आधीपासून सात-आठ-नऊ वर ठेवत आली होती, ती तशीच राहिली. मोंढ्यातल्या आडतीवर मुनीम आजही एका हातानं कॅल्क्युलेटर दाबतो तेव्हा सात वर असतो, आणि दुसऱ्या हातानं फोन लावतो तेव्हा एक वर असतो. मुनिमाची बोटं चुकत नाहीत, हे त्या दोन्ही यंत्रांचं नशीब.

त्या फोनमध्येही कापसाचीच फुली होती, फक्त तारांच्या जागी सूर. प्रत्येक ओळीला एक सूर, प्रत्येक स्तंभाला एक. पाच दाबला की 770 आणि 1336 हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात. चौथा स्तंभ 1633 हर्ट्झचा. तोच हा ए, बी, सी, डी. अमेरिकी लष्कराच्या टेलिफोन जाळ्यात त्या चार बटणांनी कॉल किती तातडीचा आहे ते सांगत. जनरलसाहेबांचा फोन आला की शिपायाचा आपोआप तुटे. घरगुती फोनवर तो स्तंभ आलाच नाही. विद्यार्थ्यांच्या कीपॅडवर मात्र त्याच क्रमाची ती चार अक्षरं नांदतायत.

त्याच दोन सुरांची एक शाखा मराठी शिवारात मात्र चांगली रुजली. शेतीपंपाला वीज रात्री येणार, मग शेतकऱ्यानं बॅटरी घेऊन साप-विंचवांतून विहिरीवर जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आजोबांची अशीच पायपीट पाहिली होती. पुढं त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र केलं. ते मोटरीच्या स्टार्टरला जोडायचं, आणि घरी खाटेवर बसून मोबाइलची बटणं दाबून, त्यांच्या सुरांवर मोटर चालू-बंद करायची. वीज आहे की नाही तेही कळतं. आज तसले मोबाइल स्टार्टर मराठवाड्यात खेडोपाडी दिसतात. तिथं पाच दाबल्यावर नऊ उमटून चालत नाही. दुसऱ्याच्या विहिरीतलं पाणी तिसऱ्याच्या उसाला गेलं तर प्रकरण तोंडी परीक्षेवर भागत नाही.

परीक्षकांनी यातलं काही सांगितलं नाही. त्यांना नांदेडची गाडी गाठायची होती. गुण चांगले दिले. प्लायवुडचं दार, कीपॅड आणि व्हाइटनरचा ठिपका, सगळं प्रयोगशाळेच्या कपाटात मागच्या दारांच्या शेजारी जाऊन बसलं.

राहिली फाइल. ती तिसऱ्यानं सुंदर अक्षरात आधीच लिहून ठेवली होती. तिच्यातल्या सर्किटच्या आकृतीत कीपॅडचा जोड सुलटा काढलेला आहे. शेवटी जोडलेला प्रोग्रॅम मात्र परीक्षेच्या दिवशी चाललेला, म्हणजे फिरवलेल्या कोष्टकाचा आहे. पुढच्या जुलैत नवी बॅच येते, हाच विषय घेते, आणि हीच फाइल उतरवून काढते.